मोठ्यानं बोललेला भाव

मुरुममध्ये गिरिजाक्कांना कुणी हळू बोलताना ऐकलं असेल, तर त्यानं मला जरूर कळवावं. दूधवाल्याशी, नळ सोडणाऱ्या माणसाशी, दारात आलेल्या म्हशीशी आणि फोनवर पुण्याच्या भाच्याशी त्या एकाच पट्टीत बोलायच्या. फक्त सकाळच्या पूजेपुरता आवाज बंद. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर, डोळे मिटलेले. तेवढा वेळ घर इतकं गप्प व्हायचं, की माडीवर मला वाटायचं, आक्का गावाला गेल्या की काय. पूजा आटोपली की पहिलं वाक्य जिन्यातून वर यायचं, "बाई, उठलाव का न्हाय? शाळा काय तुमच्यासाठी थांबती व्हय?"

मी परांडा तालुक्यातली, सोनारीच्या बाजूची. मुरुमच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार होईना. आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "खोटं बोलतायसा का?" मी म्हटलं, कधीकधी. "मग ऱ्हावा," म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांची भाडेकरू झाले आणि त्यांच्या घरी येणारे इंग्रजी कागद वाचून दाखवायचं कामही आपोआप माझ्याकडं आलं.

आक्का विधवा होत्या, मूलबाळ नव्हतं, आणि गावाबाहेर त्यांची डाळ मिल होती. यजमान गेले तेव्हा मिल नुकती उभी राहिली होती. दिरांनी सुचवलं की मिल विकू, तुम्ही घरात बसा, दोन वेळचं आम्ही बघू. आक्कांनी "बघते" म्हटलं आणि पुढच्या बाजारादिवशी डोक्यावर पदर घेऊन अडत बाजारात तुरीच्या ढिगापुढं जाऊन उभ्या राहिल्या. हे मी पाहिलेलं नाही, पण मुरुममध्ये ही गोष्ट न सांगता कुणी आक्कांबद्दल बोलायला सुरुवातच करत नसे.

त्या काळी सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि अडत्या एकमेकांचा हात धरत, वर रुमाल टाकत, आणि खाली बोटं दाबून भाव ठरत. वरून तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा. कुणी किती लावले ते शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नसे. आता एका विधवा बाईचा हात रुमालाखाली धरायचा कुणी? अडत्यानं रुमाल खांद्यावर टाकला आणि आभाळात बघत राहिला. आक्का म्हणाल्या, "बोटं धरायला लाजता व्हय? नका धरू. मला तोंड हाय." आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा त्यांनी भाव सांगितला.

धंद्याच्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा. त्यांचा भाव सगळ्यांना कळणार, दुसरा कुणी त्यावर रुपया चढवणार आणि माल उचलून नेणार. पहिल्या हंगामात तसंच झालं, आणि लोक हसले. पण हळूहळू शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की ही बाई जे बोलते ते चारचौघांत बोलते, आणि माल उतरून घेतल्यावर ओल आहे, खडा आहे असं सांगून एक पैसा कापत नाही. मग ढीग आपणहून मिलकडं वळायला लागले. पुढं बाजारातल्या रुमालांचे दिवस संपले, सौदे उघड्यावर व्हायला लागले, तेव्हा म्हातारे अडते सांगायचे की ही पद्धत आमच्याकडं आक्कांनी आधीच आणली होती.

बोललेला भाव त्यांनी कधी फिरवला नाही. एकदा गडबडीत ओलसर, डागी तुरीला त्यांच्या तोंडून चांगल्या तुरीचा भाव निघून गेला. अडत्या भला माणूस. तोच म्हणाला, "आक्का, चुकलाव. परत सांगा." आक्कांनी ढिगातला एक दाणा दाताखाली चावला, आपण काय केलंय ते त्यांना कळलं, आणि त्या म्हणाल्या, "बोलले ते बोलले. भर." त्या तुरीची डाळ गिऱ्हाइकाला देण्याजोगी झालीच नाही. मिलमधल्या बायकांनी ती वर्षभर खाल्ली. मीही खाल्ली. तीन शिट्ट्या दिल्या तरी दगडासारखी राहायची. एकदा वैतागून मी म्हटलं, "आक्का, चुकून बोललेलं दुरुस्त करायला काय हरकत होती?" तर म्हणाल्या, "तुमचं बरं हाय बाई. फळ्यावर चुकलं की फडकं मारता. बाजारात फडकं न्हाय."

मला ते तेव्हाही अतीच वाटलं होतं. शब्द पाळणं चांगलं, पण त्या शब्दाखाली काय भरडलं जातंय हेही बघावं की माणसानं. पण आक्कांना हे सांगणं म्हणजे चालत्या गिरणीत हात घालणं.

मिलमध्ये डाळ निवडायला बायका असायच्या, आणि त्यांची मुकादम शांताबाई. किडकिडीत, सावळी, आणि बोलणं इतकं हळू की मिल चालू असताना तिचे फक्त ओठ हललेले दिसायचे. आक्कांना मात्र तिचं सगळं ऐकू यायचं. दुपारी दोघी पोत्यांच्या आडोशाला भाकरी सोडायच्या. आक्कांना साखरेचा आजार होता आणि गुळाचं वेड होतं. गूळ लपवायची जबाबदारी शांताबाईची, आणि तो कुठं लपवलाय ते हुडकायचा उद्योग आक्कांचा. "साकु, आक्का, साकु," म्हणत ती त्यांच्या हातातला खडा काढून घ्यायची. पुरे आता, असं आक्कांना सांगायची छाती असलेलं गावात तेवढंच एक माणूस होतं. आक्का तिला शांते म्हणायच्या आणि कधी रागावल्या की कन्नडमधून बोलायच्या. शांताबाईला 'साकु'पलीकडं कन्नड येत नव्हतं, आणि आपल्याला येत नाही हेच बरंय असं ती मला हसत सांगायची.

आता बसूबद्दल सांगायला हवं. बसवराज हा आक्कांच्या भावाचा मुलगा. दहावीपर्यंत आक्कांकडं राहून शिकला, पुढं इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरीला लागला, आणि एक दिवस नोकरी सोडून परत आला. त्यानं मोबाइलवरचं एक आरोग्याचं ॲप तयार केलं होतं. नाव 'खुशाली'. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना रक्तदाबाची, साखरेची गोळी कधी घ्यायची ते फोन बोलून सांगणार, मराठीत आणि कन्नडमध्ये. आणि बोलणार कोणाच्या आवाजात, तर आक्कांच्या. त्यानं त्यांना समोर बसवून वाक्यं बोलून घेतली होती. "गोळी घेतली का? खोटं बोलू नगा." संध्याकाळी फोन असा ओरडला की माणूस दचकून उठायचा आणि गोळी घ्यायचा. आक्कांना स्वतःचाच आवाज ऐकून आधी हसू आलं, मग त्या गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "नवऱ्यानं कधी इचारलं न्हाय, म्या गोळी घेतली का. आता माझी म्याच इचारते."

दिवाळीच्या पाडव्याला, मिलच्या पूजेला सगळी माणसं जमलेली असताना, आक्का उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बसूच्या कामात म्या हाय. शेवटपतोर हाय." पैसे त्यांनी घातलेच, पण लोकांनी लक्षात ठेवलं ते वाक्य. पुण्यातले एक निवृत्त साहेबही त्या कंपनीत पैसे घालून होते. तेही मला एकदा म्हणाले की मी कंपनी बघून नाही, त्या बाईंचा आवाज ऐकून आलोय.

ॲप मात्र चालेना. लोक चार दिवस ठेवत आणि पुसून टाकत. मग साथ आली, आणि पाठोपाठ दुसरी लाट. गावात रोज कुणाच्या तरी दारात माणसं गप्प उभी दिसायची. शाळा बंद होती. मिल चालू होती, कारण डाळ लागतेच. त्या दिवसांत एका सकाळी आक्कांची हाक आली, "बाई, खाली या. इंग्रजी कागद हाय."

मिलच्या ऑफिसात बसू बसला होता. टेबलावर फोन उभा केलेला, त्यात पुण्याचे साहेब. बसूची नवी योजना अशी होती की झटपट तपासणीचे किट घाऊक घ्यायचे आणि त्यांच्यासोबत ॲप द्यायचं. आधी एका साखर कारखान्यात, मग मिल, दुकानं, लग्नघरं. कंपनीचा माणूस नाकात काडी घालणार, पट्टीचा फोटो काढणार, आणि एक रेघ आली की ॲपचं पान हिरवं होणार. बसूनं करून दाखवलं. पान हिरवं झालं आणि आक्कांचा आवाज ऑफिसात घुमला, "खुशाल हाय. जावा कामाला."

हे वाक्य आक्का रोज सकाळी मिलच्या दारात बायकांची विचारपूस करून झाल्यावर म्हणायच्या. बसूनं ते कधीतरी टिपून ठेवलं होतं.

"ॲप एकटं कुणाला नको आहे, आत्या," बसू म्हणाला. "किट आज प्रत्येकाला हवंय. किटच्या हाताला धरून ॲप घराघरात जाईल. साथ संपेल, ॲप राहील."

साहेबांना शंका होती, पण ती वेगळी. "साथ ओसरली की लोक किटसकट तुझं ॲप फेकून देतील. आजाराच्या आठवणी कुणी फोनमध्ये ठेवत नाही. आणि उद्या नियम बदलला तर माल अंगावर पडेल. जाहिरात कसली करायची, आरोग्याची की तपासणीची, हेच मला यात कळत नाही."

आक्का इतका वेळ पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघत होत्या. त्यांनी विचारलं, "बसू, एक रेघ आली म्हंजी आजार न्हाय, का आजार घावला न्हाय?"

तो खोटं बोलणारा मुलगा नव्हता. "घावला नाही. सुरुवातीला कधी कधी घावत नाही. पण तसं खाली लिहिलंय की. लक्षणं असतील तर मोठी तपासणी करून घ्या, वेगळं राहा."

"कुठं लिवलंय? बाई, वाचा."

मी बघितलं. होतं खरं, हिरव्या पानाच्या तळाशी. मला चष्मा काढून फोन नाकाशी धरावा लागला. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"लिवलंय बारीक आन् बोलतंय मोठ्यानं," आक्का म्हणाल्या. "माणूस वाचंल का आयकंल? ते माझं वाक्य काढून टाक त्यातनं."

"काढतो आत्या. पण आता सगळं तयार झालंय. कारखान्याशी बोलणं झालंय, पहिला माल वाटेत आहे. पुढच्या खेपेला नक्की काढतो."

साहेब फोनमधून म्हणाले, "आक्का, तुम्ही सांगा. तुम्ही थांबलात तर मीही थांबतो. एक महिना थांबू, हे नीट करू, मग उतरू."

बसू आत्याकडं बघत होता. त्यानं नोकरी सोडली होती, पुण्यात त्याच्या हाताखाली पोरं होती, महिना थांबला तर दुसरं कुणीतरी कारखान्यात घुसणार हे त्याला दिसत होतं. पण तो हट्ट करत नव्हता, हेही मला सांगायला हवं. आक्कांनी नको म्हटलं असतं तर तो थांबला असता. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

आक्कांनी पट्टी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "म्या पाडव्याला बोलले हाय."

"पण शंका तर तुमचीच आहे ना?" साहेब म्हणाले.

"शंका माझी हाय, शब्द बी माझाच हाय. शंका आली म्हून शब्द फिरवला, तर मग त्याला शब्द कशाला म्हनायचं? होऊ द्या. पर पयलं माझ्या मिलमधी करा. काय व्हायचं ते माझ्या दारात होऊ द्या."

मला या वाक्याचा आजही राग येतो. त्यांना त्यात आपण कडक अट घातली असं वाटत होतं. साऱ्या गावाआधी धोका स्वतःच्या अंगावर घ्यायचा, हा त्यांचा न्याय होता. पण मिलमध्ये त्या एकट्या नव्हत्या.

शाळा बंद म्हणून मी मिलमध्ये जाऊन बसायला लागले. बऱ्याच बायकांकडं तसले फोन नव्हते, त्यांचे निकाल एका फोनवर घेऊन दाखवायचं काम माझं. पहिल्याच आठवड्यात दोघींच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. आक्कांनी त्यांना पगारी घरी बसवलं, घरपोच किराणा पाठवला. बाकीच्या वाचल्या. गावात बोभाटा झाला की आक्कांच्या मिलमध्ये यंत्र आलंय, ते आजार पकडतं. कारखान्याचं काम जोरात निघालं. लग्नघरांतून बसूला फोन यायला लागले. लोक एकमेकांना फोन दाखवून सांगायचे, "हे बघ, आक्का म्हनाल्यात खुशाल हाय." पान हिरवं आहे असं कुणीच म्हणत नव्हतं. सगळे आक्का म्हणाल्या असंच म्हणत होते.

मग एका सकाळी शांताबाई रांगेत उभी राहिली. डोळे लाल होते. "आक्का, रातच्यापासनं अंग मोडून आलंय," ती म्हणाली. काडी घातली, पट्टीवर एक रेघ आली. फोटो काढला, पान हिरवं झालं आणि माझ्या हातातला फोन ओरडला, "खुशाल हाय. जावा कामाला." आक्का समोर उभ्या आणि आवाज फोनमधून, याचं बायकांना रोजच हसू यायचं. त्या हसल्या. आक्का हसल्या नाहीत. ज्या दिवसांत माणूस माणसाला शिवत नव्हता, त्या दिवसांत त्यांनी पुढं होऊन शांताबाईच्या मानेला हाताची पाठ लावली.

"शांते, घरी जा. पगार मिळंल."

शांताबाई जवळ सरकली आणि तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली, "आक्का, बायका बघायल्यात. तुमचंच यंत्र म्हनतंय खुशाल, आन् तुमीच मला घरी धाडायलाव. मग ह्यांनी कुनाचं आयकायचं? समद्या भितील, उद्या कोन येनार न्हाय. जास्त न्हाय मला काय. बसते."

आक्कांनी रांगेकडं बघितलं. रांग त्यांच्याकडं बघत होती. दारातल्या सगळ्या बायकांनी नुकतंच त्यांच्या आवाजात ऐकलं होतं की शांताबाई खुशाल आहे. मी आक्कांच्या चेहऱ्याकडं बघत होते. ओल्या तुरीचा भाव तोंडातून गेल्यावर त्या कशा दिसल्या असतील, ते मला तेव्हा कळलं.

"बस मग," त्या म्हणाल्या. "पर दाराशी बस. येगळी."

दाराशी ऊन यायला लागलं तशी शांताबाई आत सरकली आणि निवडणाऱ्या बायकांच्या घोळक्यात जाऊन बसली.

आठवडा उलटायच्या आत मिलमधल्या निम्म्या बायका तापानं पडल्या. बहुतेक सावरल्या. शांताबाईला धाप लागली. उमरग्यात खाट मिळाली नाही, तेव्हा आक्कांनी गाडी करून तिला सोलापूरला नेलं. मला त्यांनी बरोबर येऊ दिलं नाही. तिथं दाखल करून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी ती गेली. मृतदेहही मुरुमला आणू दिला नाही. तिचा मुलगा महादेव लांब उभा राहून आईला निरोप देऊन आला. आक्का दवाखान्याच्या फाटकाबाहेर बसून होत्या. त्यांना आत सोडलंच नाही.

काही दिवसांनी महादेव मिलमध्ये आला. हातात आईचा फोन. "आक्का," तो म्हणाला, "ह्ये कसं बंद करायचं? आय गेली, पर तुमी इचारायचं थांबनात." शांताबाईला रक्तदाबाची गोळी होती, आणि फोन रोज संध्याकाळी आक्कांच्या आवाजात तिला विचारत होता, गोळी घेतली का, खोटं बोलू नगा. महादेवच्या बोलण्यात राग नव्हता. फोन बंद कसा करायचा एवढंच त्याला खरोखर विचारायचं होतं. आक्कांनी फोन हातात घेतला आणि माझ्याकडं दिला. मी ते ॲप काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाजार सकाळी थोडा वेळ उघडा होता. आक्का गेल्या. मीही मागोमाग गेले, कारण त्यांचा चेहरा मला बरा वाटत नव्हता. तोंडावरचा रुमाल खाली ओढून त्या वजनकाट्याच्या ओट्यावर चढल्या आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आयका. त्या फोनमदी म्या म्हनते खुशाल हाय, ते खोटं हाय. म्या बोलले ते माघारी घेते. ताप असंल, अंग मोडत असंल, तर हिरवं आलं तरी घरात ऱ्हावा. कुनाला शिवू नगा. शांता त्यानंच गेली."

खाली उतरून त्या तुरीच्या एका ढिगापुढं गेल्या, दाणा चावला आणि भाव सांगितला. अडत्या तरुण होता, जुन्या अडत्याचा मुलगा. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, "पक्का न्हवं, आक्का?"

हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. हातातले दाणे त्यांनी ढिगात परत टाकले. मग पदर सावरून घरी निघाल्या. त्यानंतर त्या बाजारात गेल्या नाहीत.

साहेबांनी त्याच संध्याकाळी अंग काढून घेतलं. कारखान्यानं काम थांबवलं. बसू अंगणात येऊन उभा राहिला, घरात आला नाही. "आत्या, खाली सूचना होती," तो म्हणाला. "तू त्या दिवशी नको म्हणाली असतीस तर मी थांबलो असतो. साहेबही थांबले असते. तेव्हा व्हय म्हणालीस, आणि आता बाजारात उभी राहून..."

"खरं हाय तुझं," आक्का म्हणाल्या.

तो आणखी काही ऐकायला थांबला होता असं मला वाटलं. आक्का आत वळल्या. तो पुण्याला गेला, पुन्हा नोकरीला लागला, आणि कितीतरी दिवस त्याचा फोन आला नाही.

मिल दिरांकडं गेली. आक्का दर अमावस्येला महादेवच्या घरी जायच्या. ओट्यावर बसायच्या, त्याची बायको चहा आणायची, चहा पिऊन परत यायच्या. एकदा मी विचारलं, "महादेवशी काही बोललात का? मोकळं तरी होतं माणूस." त्या म्हणाल्या, "काय बोलू बाई? बोलल्यानंच तर गेली ती." मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. पण त्यांना कुणी असं जवळ घेतलेलं मी कधी बघितलं नव्हतं, त्यामुळं मीही तशीच बसून राहिले.

पुढं माझी बदली परांड्याला झाली. जाताना त्या दारापर्यंत आल्या आणि हात वर केला. जा म्हणाल्या नाहीत, या म्हणाल्या नाहीत.

दोन-तीन वर्षांनी बसूला मुलगी झाली. बारसं मुरुमलाच होतं आणि मला आमंत्रण होतं. बसूच्या आईनं हट्ट धरला होता म्हणे, की बसूला सख्खी बहीण नाही, तर नाव गिरिजाक्काच ठेवतील. बापाची आत्या ती, तिचा मान आहे. बसूनं नाही म्हटलं नाही. तो आक्कांसमोर वाकला, त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चला, मिटलं एकदाचं, असं मला वाटलं.

आक्का वाळल्या होत्या. पाळण्याभोवती बायकांची ही गर्दी. मी पाळण्याच्या पलीकडच्या बाजूला, दोरी धरून. पाळणा म्हणून झाला, मुलीला निजवलं, आणि सगळ्या म्हणाल्या, "आक्का, सांगा आता. कुर्रर करा." आक्का वाकल्या. त्यांनी तोंड मुलीच्या कानाशी नेलं. रिवाजाप्रमाणे बायकांनी त्यांच्या पाठीवर थापट्या द्यायला सुरुवात केली. हसत, ओरडत. "जोरात आत्या, जोरात! तुमचा आवाज कुठं गेला?"

मी समोरच होते. एका हाताचं अंतर. आक्कांचे ओठ मिटलेले होते. नाव त्यांना माहीत होतं, बसूनं सकाळीच सांगितलं होतं. त्यांचं तोंड त्या इवल्याशा कानाला जवळजवळ टेकलेलं, डोळे उघडे, आणि ओठ घट्ट. मुलगी टकामका बघत होती. बायका पाठीवर मारत होत्या, आणि आक्का तशाच वाकून राहिल्या.